उतारा सुटतो, पण वाचला जातो का?

पुढचा उतारा एकदा वाचा.

‘सकाळी उठल्याबरोबर तिमडाने तीन करवे भिरटले. त्यातला सर्वांत लोंबा करवा त्याने शेजारच्या गुबल्याला दिला, कारण गुबल्याचं पिठकं सुरकलं होतं. संध्याकाळी दोघेही वाळमोटात झिंबले.’

आता प्रश्न. तिमडाने किती करवे भिरटले? तीन. लोंबा करवा कोणाला मिळाला? गुबल्याला. का मिळाला? त्याचं पिठकं सुरकलं होतं म्हणून. संध्याकाळी दोघे कुठे झिंबले? वाळमोटात. शेवटचं वाक्य भविष्यकाळात लिहा. संध्याकाळी दोघेही वाळमोटात झिंबतील. तिमडाचं वागणं तुम्हाला योग्य वाटतं का, ते तुमच्या शब्दांत सांगा. होय, मला ते योग्य वाटतं, कारण आपण नेहमी शेजाऱ्याला मदत केली पाहिजे.

सगळी उत्तरं बरोबर आहेत. कोणताही परीक्षक यातला एकही गुण कापू शकणार नाही. पण करवा म्हणजे काय, पिठकं सुरकतं म्हणजे नेमकं काय होतं, हे कोणालाच सांगता येणार नाही, कारण हे शब्द मी आत्ता बनवले आहेत. उतारा सुटला, वाचला मात्र गेला नाही. सांगली जिल्ह्यातल्या वाळवा तालुक्यातल्या कुठल्याही मराठी शाळेतली दहावीची मुलं इंग्रजी उताऱ्याशी बहुतेक वेळा हेच करत असतात, आणि ते त्यांना आपणच शिकवलेलं असतं.

मराठी माध्यमाच्या दहावीच्या मुलांना इंग्रजी हा तृतीय भाषेचा विषय असतो. पुस्तक बालभारतीचं ‘माय इंग्लिश कोर्सबुक’. लेखी परीक्षा ८० गुणांची, तोंडी आणि अंतर्गत २० गुणांची. प्रश्नपत्रिकेच्या जागी आता कृतिपत्रिका आली आहे, आणि उताऱ्याखाली ए-वन ते ए-फाइव्ह अशा पाच कृती येतात: सरळ माहितीची, थोड्या गुंतागुंतीच्या माहितीची, शब्दसंपत्तीची, व्याकरणाची आणि शेवटी स्वतःच्या मताची. पाठ्यपुस्तकातल्या दोन उताऱ्यांना २० गुण, न पाहिलेल्या उताऱ्याला १०, त्याच्या सारांशाला ५. आराखडा वाईट नाही. शेवटची कृती तर मुलाला स्वतःचं काही बोलायला लावण्यासाठीच ठेवलेली आहे. पण पाठ्यपुस्तकातले उतारे गाइडमध्ये सोडवून मिळतात, स्वतःच्या मताची चार वाक्यं क्लासमध्ये पाठ करून घेतली जातात, आणि उरलेल्या कृतींसाठी एक तंत्र शिकवलं जातं: आधी प्रश्न वाच, प्रश्नातला मोठा शब्द उताऱ्यात शोध, तो सापडला की ते वाक्य उतरव. वरच्या उताऱ्यात आपण हेच केलं.

हे तंत्र दहावीपुरतं कामाला येतं. त्यापुढे ते तोंडघशी पाडतं. कामेरी, बहे, बोरगाव, साखराळे या गावांतून एसटीने इस्लामपूरला येणारा मुलगा बारावीनंतर साखराळ्याच्याच राजारामबापू इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये प्रवेश घेतो. हे कॉलेज १९८३ पासून गावाच्या वेशीवर उभं आहे. तिथं पहिल्या महिन्यात त्याच्या हातात पडणाऱ्या पुस्तकात प्रश्न आधी दिलेले नसतात. पानामागून पान वाचायचं आणि त्यातून काय घ्यायचं ते आपणच ठरवायचं. नर्सिंगला गेलेल्या मुलीचं तेच, स्पर्धा परीक्षेला बसणाऱ्याचंही तेच. एमपीएससीच्या पूर्वपरीक्षेत २०१३ पासून सी-सॅट आलं. त्यातल्या उताऱ्यांवरचे पर्याय मुद्दाम असे बनवलेले असतात, की शब्दाला शब्द जुळवणारा नेमका चुकीच्या पर्यायावर जाऊन थांबतो.

उच्चारता येणं आणि कळणं यांतलं अंतर किती, हे ‘असर’च्या पाहणीत आकड्यांनी दिसलं. प्रथम संस्थेच्या या पाहणीत २०२३ साली देशभरातल्या २८ जिल्ह्यांच्या ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वर्षांच्या मुलामुलींना इंग्रजीतली साधी वाक्यं वाचायला दिली. ५७.३ टक्के मुलांना ती वाचता आली. वाचता आलेल्यांपैकी ७३.५ टक्क्यांना अर्थ सांगता आला. म्हणजे वाक्य घडघड वाचून दाखवणाऱ्या दर चार मुलांमागे एकाला आपण काय वाचलं ते माहीत नव्हतं. आणि ही सुटी, सोपी वाक्यं होती. दीडशे-दोनशे शब्दांच्या उताऱ्यात हे अंतर किती वाढत असेल, याची कल्पना करता येते.

आपल्याकडे या दुखण्यावर एकच इलाज पुन्हा पुन्हा झाला, तो म्हणजे इंग्रजी आणखी लवकर सुरू करणं. स्वातंत्र्यानंतर काही वर्षं मुंबई राज्यात इंग्रजी आठवीपासून सुरू व्हायचं. पुढे इंग्रजी पाचवीवर आलं, आणि २००० साली रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना पहिलीवर. त्या निर्णयामुळे खेड्यातल्या मुलाला शहरातल्या मुलाच्या बरोबरीने अक्षरं गिरवता आली, ही मोठी गोष्ट झाली, आणि मी त्या निर्णयाच्या बाजूचा आहे. पण वर्षं वाढली त्या मानाने वाचन वाढलं नाही. दहा वर्षं इंग्रजी शिकलेल्या मुलाने शाळेच्या पुस्तकाबाहेरचं इंग्रजीतलं एक गोष्टीचं पुस्तकही संपवलेलं नसतं.

याचा विचार आपल्याच उपखंडात फार पूर्वी एका माणसाने केला होता. मायकेल वेस्ट हे ढाक्याच्या शिक्षक प्रशिक्षण महाविद्यालयाचे प्राचार्य. बंगालमधल्या शाळांत इंग्रजीचं काय होतं हे त्यांनी बारकाईने पाहिलं आणि १९२६ साली द्वैभाषिकतेवरचा आपला अहवाल प्रसिद्ध केला. बहुतेक मुलं शाळा मध्येच सोडतात, हे वास्तव त्यांनी आधी धरलं. मग विचारलं, की शाळा सुटताना मुलाच्या पदरात काय उरतं? विम्याची पॉलिसी मध्येच मोडली तरी काही रक्कम परत मिळते, तिला सरेंडर व्हॅल्यू म्हणतात. वेस्टनी हाच शब्द वापरला. बोलणं अर्धवट शिकून शाळा सोडली तर काही उरत नाही. वाचन थोडं जरी आलं असलं तरी ते मुलाजवळ राहतं, आणि मास्तरांशिवाय वाढतही जातं. म्हणून त्यांनी वाचनावर भर दिला, जुन्या वाचनमालांतले दुर्मीळ शब्द काढून रोजचे घातले, आणि नवे शब्द विरळ पेरले, एका पानात दहा येणार नाहीत असे. आपल्याकडे मात्र तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेची सवय खोल रुजलेली होती: वाक्याला वाक्य, शब्दाला शब्द. त्या पाठमालेने पिढ्यान्‌पिढ्यांना व्याकरण दिलं, हे ऋण मोठं आहे. पण सुटी वाक्यं भाषांतरित करत बसणाऱ्याला सलग दोन पानं वाचायचा सराव होत नाही.

इंग्रजी उताऱ्यांचा सराव जगात सर्वांत मोठ्या प्रमाणावर कुठे होत असेल, तर तो चीनमध्ये. तिथल्या ‘गाओखाओ’ या बारावीनंतरच्या प्रवेश परीक्षेसाठी २०२४ साली १ कोटी ३४ लाखांवर मुलांनी नावं नोंदवली. राष्ट्रीय स्वरूपाचा इंग्रजीचा पेपर १५० गुणांचा असतो, त्यातले ५० गुण वाचनाचे. चार उतारे आणि त्यांवर पंधरा प्रश्न. शिवाय एक वेगळाच प्रकार असतो. उताऱ्यातली पाच वाक्यं काढून घेतात, खाली सात वाक्यं देतात, आणि कोणतं वाक्य कुठे बसतं ते मुलाने ठरवायचं. दोन वाक्यं उगाचची असतात. या प्रश्नात शब्द जुळवून भागत नाही. आधीच्या वाक्यातला ‘दे’ कोणासाठी आला आहे, पुढचं ‘हाउएव्हर’ कशाला वळण देतं, हे कळलं तरच वाक्य जागेवर बसतं. आणि या पेपरात पाठ्यपुस्तकातला एकही उतारा नसतो. म्हणून गाइड पाठ करून काही हाती लागत नाही.

तिथली मुलं सुखात आहेत असं नाही. प्रश्नसंचांचे ढिगारे उपसण्याला चिनीत ‘शुआ-ती’ असा शब्दच आहे. पर्याय कसे उडवायचे याची तंत्रं तिथल्याही क्लासमध्ये शिकवतात, आणि त्याबद्दल तिथले शिक्षक तक्रारही करतात. तरी एक गोष्ट उचलण्यासारखी आहे. चीनच्या २०१७ च्या उच्च माध्यमिक इंग्रजी अभ्यासक्रमाने अवांतर वाचनाचा किमान आकडाच लिहून टाकला: अनिवार्य टप्प्यात आठवड्याला सरासरी १५०० शब्द. पुढच्या टप्प्यात २५००. पंधराशे शब्द म्हणजे साध्या गोष्टीच्या पुस्तकाची पाच-सहा पानं. इस्लामपूरच्या अकरावीच्या मुलीला हे जड नाही. फक्त आपल्याकडे असा आकडा कोणी तिच्यासमोर ठेवलेला नाही.

मूल अडतं कुठे, हे आता जरा जवळून पाहू.

पहिली अडचण उघड आहे, शब्दांची. पण शब्द किती अडले तर उतारा हातचा जातो, याचा अंदाज बहुतेकांना नसतो. न्यूझीलंडचे पॉल नेशन आणि त्यांच्या सहकारी हू यांनी २००० साली दाखवलं, की कोणाच्या मदतीशिवाय गोष्ट नीट कळायला तिच्यातले साधारण ९८ टक्के शब्द ओळखीचे लागतात. म्हणजे पन्नास शब्दांत एक अनोळखी. दीडशे शब्दांच्या उताऱ्यात तीन. शिक्षकांनी एकदा करून पाहावं: उतारा द्यावा आणि न कळलेल्या शब्दांखाली रेघा मारायला सांगाव्यात. वीस-पंचवीस रेघा आल्या, तर तो उतारा सरावासाठी निरुपयोगी आहे. त्यावर मूल तिमडासारखे करवे भिरटत बसणार, दुसरं काही करूच शकणार नाही. आपली सराव पुस्तकं नेमकी अशा उताऱ्यांनी भरलेली असतात, कारण अवघड उतारा म्हणजे चांगला सराव असा समज आहे. हा समज चुकीचा आहे.

दुसरी अडचण वाक्याच्या बांधणीची, आणि तिच्याकडे फारच कमी लक्ष जातं. हे वाक्य पाहा: ‘द फार्मर हू सोल्ड हिज केन टू द फॅक्टरी बॉट अ ट्रॅक्टर.’ यातला प्रत्येक शब्द वाळव्यातल्या मुलाला घरातूनच माहीत असतो. तरी ट्रॅक्टर कोणी घेतला असं विचारलं, की काही मुलं सांगतात, फॅक्टरीने. का? कारण ‘बॉट’च्या अगदी आधी ‘फॅक्टरी’ आहे. मराठीत आपण म्हणतो, ज्या शेतकऱ्याने कारखान्याला ऊस घातला त्याने ट्रॅक्टर घेतला. ‘ज्या’ने सूचना मिळते, ‘त्याने’ने पुन्हा धागा हातात येतो, आणि क्रियापद शेवटी येऊन वाक्य बंद करतं. इंग्रजीत नामाच्या मागे पुरवणी लोंबकळत राहते आणि कर्ता दूर पडतो. अशी वाक्यं फळ्यावर मांडून, कोणाचं क्रियापद कोणतं हे मराठीत बोलून दाखवलं, तर मुलांना ते पटकन कळतं. यासाठी मराठीची लाज वाटायचं कारण नाही. इंग्रजीच्या तासाला मराठी शब्द तोंडातून गेला की दंड, असा नियम काही शाळांत असतो. त्या नियमाने मुलं गप्प बसतात, आणि कोणाला काय कळलं नाही हे शिक्षकाला कधीच समजत नाही.

तिसरी गोष्ट अडचण आहे आणि तोच वाळव्याच्या मुलाचा आधारही आहे: विषयाची आधीची माहिती. आणखी एक उतारा देतो. यातले शब्द खरे आहेत, फक्त विषयाचं नाव काढून घेतलं आहे.

‘आधी सगळं पातळ असतं. खालचा जाळ कमी-जास्त झाला की बिघडतं, म्हणून तिथं एक माणूस कायम लागतो. वर आलेली घाण वेळच्या वेळी काढायची. ती सुटावी म्हणून भाजीच्या एका झाडाचा चिकट रस घालतात. झालं की नाही हे जाणकार माणूस थोडंसं पाण्यात टाकून बघतो. उतरवल्यावर मात्र उशीर चालत नाही.’

इस्लामपूर-आष्टा भागातलं मूल दुसऱ्या-तिसऱ्या वाक्यालाच ओरडेल, गुऱ्हाळ! काहील, चुलवाण, चिपाडांचा जाळ, भेंडीचा रस, मळी, गुळव्या हे सगळं त्याच्या डोळ्यांपुढे येईल. ज्याने गुऱ्हाळ पाहिलेलं नाही, तो हे शब्द कळूनही चाचपडत राहील. आता हाच मजकूर इंग्रजीत असता आणि ‘स्कम’ हा शब्द अडला असता, तरी आपल्या मुलाने तो मळी म्हणून आपणच ओळखला असता. शब्दकोश उघडायची गरज पडली नसती.

अमेरिकेत १९८८ साली डॉना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली यांनी हेच प्रयोगाने दाखवलं. त्यांनी सातवी-आठवीच्या मुलांना बेसबॉलच्या सामन्याचं वर्णन वाचायला दिलं आणि मग मैदानाच्या प्रतिकृतीवर लाकडी खेळाडू हलवून काय घडलं ते दाखवायला सांगितलं. वाचनात कच्ची पण खेळ जाणणारी मुलं, वाचनात पक्की पण खेळ न जाणणाऱ्या मुलांपेक्षा किती तरी पुढे गेली. माझ्या मते या एका प्रयोगाने उताऱ्यांच्या सरावाकडे पाहायची दृष्टीच बदलायला हवी. ‘वाचनकौशल्य’ म्हणून आपण जे मोजतो, त्यातला मोठा भाग म्हणजे त्या विषयाची माहिती असणं किंवा नसणं.

मग सराव वाळव्याच्या विषयांवर का सुरू करू नये? कृष्णेचा २०१९ चा महापूर इथल्या मुलांनी पाहिला आहे किंवा घरात ऐकला आहे. येडेमच्छिंद्रचे क्रांतिसिंह नाना पाटील आणि १९४२ नंतरचं प्रतिसरकार, ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ त्याच्या तुफान सेनेने लुटलेली सरकारी पगाराची रेल्वे, वाळव्याचे नागनाथअण्णा नायकवडी, ऐतवडे बुद्रुकच्या घराण्यातले कर्मवीर भाऊराव पाटील आणि १९१९ साली कराडजवळच्या काले गावी त्यांनी स्थापलेली रयत शिक्षण संस्था. यांतल्या प्रत्येकावर दोनशे शब्दांचा सोपा इंग्रजी उतारा इथला कोणताही इंग्रजीचा शिक्षक एका संध्याकाळी लिहू शकतो. गोष्ट आधीच माहीत असल्याने मुलाचं डोकं भाषेकडे मोकळं राहतं. पुढे ओळखीच्या विषयाकडून अनोळखीकडे जायचं: गुऱ्हाळाकडून ब्राझीलच्या उसाकडे, कृष्णेच्या पुराकडून यांगत्सेच्या पुराकडे. आणि अनोळखी विषय आधी मराठीत वाचायला मिळाला, तर सोन्याहून पिवळं. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतं आहे. ते नेमाने वाचणाऱ्या मुलाचं इंग्रजी आकलनही सुधारतं, कारण कारण-परिणाम ओळखणं, न सांगितलेलं ताडणं ही कामं मेंदू एका भाषेत शिकला की दुसरीत नव्याने शिकावी लागत नाहीत.

तासाला हे कसं करायचं, तेही सांगतो. उतारा द्यायचा तो प्रश्नांशिवाय. मुलांनी तो मनात वाचायचा. एकेकाने उठून मोठ्याने वाचायची पद्धत उच्चारासाठी ठीक आहे, पण वाचणाऱ्याचं सगळं लक्ष अडखळू नये याकडे असतं आणि बाकीचे आपली पाळी मोजत बसतात. दोनदा वाचून झालं, की कागद पालथा घालायचा आणि शेजाऱ्याला मराठीत सांगायचं, यात काय आहे. इथेच सगळं उघडं पडतं. ज्याने फक्त शब्द पाहिले त्याला दोन वाक्यांपुढे जाता येत नाही. मग कागद सुलटा करून, कुठे अडलं ते शोधायचं. त्यानंतर मुलांनीच प्रश्न काढायचे, आणि त्यांत एक तरी प्रश्न असा हवा ज्याचं उत्तर उताऱ्यात लिहिलेलं नाही पण उताऱ्यावरून कळतं. बोर्डाच्या पद्धतीच्या कृती सर्वांत शेवटी. असा एक उतारा एका तासात होतो. घाईने सोडवलेल्या पाच उताऱ्यांपेक्षा तो जास्त शिकवतो. परीक्षेच्या आधीचे दोन महिने वेळ लावून सराव करावाच, गुणही हवेतच. पण त्या दोन महिन्यांची पद्धत आठवीपासून चालवणं हे मुलांचं नुकसान आहे.

आणि भरपूर, सोपं, आवडीचं वाचन. फिजी बेटांवर १९८०च्या सुमारास वॉरविक एली आणि फ्रान्सिस मंगुभाई यांनी खेड्यातल्या आठ शाळांना चौथी-पाचवीच्या वर्गांसाठी प्रत्येकी अडीचशे इंग्रजी गोष्टींची पुस्तकं दिली. तिथल्या मुलांची घरची भाषाही इंग्रजी नव्हती. नेहमीच्या पद्धतीने शिकणाऱ्या मुलांपेक्षा या मुलांची वाचनातली प्रगती जवळजवळ दुप्पट वेगाने झाली, आणि पुढे लेखनात आणि व्याकरणातही ती दिसली. व्याकरण वेगळं घोकून न घेता.

अडीचशे पुस्तकं आज फुकट मिळतात. प्रथम बुक्सचं ‘स्टोरीवीव्हर’ हे संकेतस्थळ २०१५ पासून खुलं आहे. त्यावर पातळीनुसार लावलेल्या हजारो गोष्टी आहेत, त्यांतल्या अनेक इंग्रजी आणि मराठी दोन्हींत, आणि त्या छापून वाटायला कोणाची परवानगी लागत नाही. दहावीच्या मुलाला दुसऱ्या पातळीची गोष्ट द्यायला शिक्षकांना संकोच वाटतो. वाटू देऊ नये. जी गोष्ट तो एका बैठकीत संपवतो, तीच त्याच्या योग्य पातळीची.

वाळव्यातल्या इंग्रजीच्या शिक्षकांना माझी एक विनंती आहे. येत्या सत्रात तुमच्या गावावर एक उतारा लिहा. दोनशे शब्दांचा, सोप्या इंग्रजीत, खाली एकही प्रश्न न देता. तालुक्यात अशा वीस शिक्षकांनी एकेक लिहिला आणि एकमेकांना दिला, तर आठवी ते दहावीच्या प्रत्येक वर्गाला वर्षभर पुरेल एवढं साहित्य एका महिन्यात तयार होतं, आणि त्याला झेरॉक्सपलीकडे खर्च नाही.